विसर्गाने गिळलेली नावं: एका संगीतसंग्रहातल्या तुटलेल्या श्रेयांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सदाशिव पेठेत एका सभासदाच्या घरी दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या, मी हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. वेड एकच, मराठी तबकड्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या, छोट्या ईपी, मोठ्या एलपी आणि नंतरच्या कॅसेटसुद्धा. काही जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी उचललेल्या, काही कुणाचं घर रिकामं होताना पोत्यातून आलेल्या. यातल्या प्रत्येकीच्या लेबलवर आणि वेष्टणावर जे छापलंय ते नोंदवून ठेवायचं, एवढाच उद्योग. माणसांची नावं इथे देत नाही. ज्येष्ठांना आम्ही नाना म्हणतो आणि ग्रंथालयवाल्यांना ताई, तेच इथेही चालेल.

कित्येक वर्षं हा सगळा व्याप एका एक्सेलच्या फाइलमध्ये होता. तबकडीचा क्रमांक, गाण्याचे शब्द, गायक, आणि शेवटी 'श्रेय' नावाचा एक रुंद रकाना. त्या रकान्यात संगीतकार, गीतकार, साथीदार, संयोजक असे बाकीचे सगळे एकाच ओळीत. गायकाला मात्र स्वतंत्र रकाना. तेव्हा हा भेद आम्हाला साधा सोयीचा वाटला होता. पुढे सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मग ही फाइल संकेतस्थळावर न्यायचं ठरलं. नुसती यादी नको, प्रत्येक नाव हा दुवा हवा. वसंत देसाईंवर बोट ठेवलं की वसंत देसाईंचं पान उघडावं आणि त्यावर आमच्याकडे नोंदलेलं त्यांचं सगळं काम दिसावं. श्रेयाची ओळ तोडून त्यातून नावं वेगळी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. त्यासाठी ओळ कशी लिहायची याचा नियमही मीच ठरवला. आधी भूमिका, मग अपूर्णविराम, मग नाव. वेष्टणावर वेगळं नाव छापलेलं असेल तर उभी रेघ मारून ते छापील नाव. दोन श्रेयांच्या मध्ये अर्धविराम. नमुना असा:

संगीत: लता मंगेशकर | आनंदघन; गीत: जगदीश खेबूडकर

१९६५ सालच्या 'साधी माणसं'ची ही नोंद मी मुद्दाम नमुन्याला घेतली होती. लताबाईंनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे उभ्या रेघेचं काम काय ते पटकन कळेल असं वाटलं. नियमाचं एक पान छापून सगळ्यांना दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुन्या नोंदी या साच्यात बसवायचं काम वाटून घेतलं. नानांकडे नाट्यसंगीत आलं, कारण त्या तबकड्या आणि कॅसेट बहुतेक त्यांच्याच घरच्या.

अडचण कशी कळली

संकेतस्थळ सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी एका बाईंचा फोन आला. त्यांचे आजोबा नाट्यसंगीताच्या मैफलींना ऑर्गनची साथ करायचे. नाव कधी मोठ्या अक्षरात छापलं गेलं नाही. पण एलपीच्या मागच्या बाजूला, कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक टायपात ते सापडतं. आमच्या फाइलमध्ये या आजोबांच्या पंचवीस-तीस नोंदी होत्या आणि बाईंनी त्या पूर्वी पाहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, "नव्या साइटवर आजोबांच्या पानावर दोनच रेकॉर्ड दिसतायत. बाकीच्या काढून टाकल्यात का?"

मी एक कॅसेट काढून पाहिली. नाव होतं. दुसरी पाहिली. तिथेही होतं, अगदी अचूक, शुद्धलेखनासकट. बाईंना म्हणालो, "आहे की सगळं, नीट बघा." त्यांनी नीट बघितलं होतं. बघत नव्हतो मी. तबकडीच्या पानावर नाव वाचता येत होतं. पण तो दुवा त्यांच्या पानाकडे जात नव्हता. तो भलत्याच कुणाकडे जात होता.

कुणाकडे, ते शोधायला कलावंतांची वर्णानुक्रम यादी उघडली आणि 'स' अक्षरावर थांबलो. 'संगीतः' या शब्दाने सुरू होणाऱ्या 'माणसांची' तिथे रांग लागली होती. एका कलावंताचं पूर्ण नाव असं होतं: 'संगीतः लता मंगेशकर। आनंदघन, गीतः जगदीश खेबूडकर'. प्रोग्रॅमने इमानेइतबारे त्या नावाचं स्वतंत्र पान उघडून दिलं होतं, त्याला क्रमांकही दिला होता. 'ऑ' अक्षराखाली आमचे ऑर्गनवाले आजोबा पंचवीस वेगवेगळ्या अवतारांत उभे होते, दर वेळी शेजारच्या तबलजीला बरोबर घेऊन.

ही यादी दोन महिन्यांत आमच्यापैकी एकानेही उघडली नव्हती. उघडली असती तर पहिल्याच दिवशी हसू आलं असतं.

मूळ कारण

माझ्या नमुन्यातली ओळ आणि या 'कलावंताचं' नाव एकाखाली एक ठेवून बघा. 'संगीत:' आणि 'संगीतः'. पहिल्यात अपूर्णविराम आहे, दुसऱ्यात विसर्ग. उभ्या रेघेच्या जागी दंड आहे. अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम. वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र विसर्ग हा ०९०३ क्रमांकाचा देवनागरी वर्ण आहे, दंड ०९६४, आणि अपूर्णविराम व उभी रेघ यांची घरंच निराळी. प्रोग्रॅमला अर्धविराम सापडला नाही म्हणून ओळ तुटली नाही. अपूर्णविराम सापडला नाही म्हणून भूमिका कळली नाही. उरलं ते सगळं एक नाव.

माझी पहिली प्रतिक्रिया होती की नानांनी नियम वाचला नाही. ती रविवारी मी बोलूनही दाखवली. नाना काही बोलले नाहीत, कळफलक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तूच टाइप करून दाखव."

नाना इन्स्क्रिप्टवर, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळफलकावर टाइप करतात. निवृत्तीनंतर शिकले, आणि वेगात करतात. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी अर्धविरामाच्या बटणावर 'च' आहे. तेच बटण शिफ्टसह दाबलं की, म्हणजे जिथे अपूर्णविराम असायला हवा तिथे, 'छ' येतो. उभ्या रेघेच्या जागी 'ऑ' येतो. थोडक्यात, मी नियमात वापरलेली तिन्ही चिन्हं त्यांच्या कळफलकावर नव्हतीच. प्रत्येक वेळी इंग्रजीत जायचं, चिन्ह टाइप करायचं, परत मराठीत यायचं; एका ओळीत असं पाच-सहा वेळा. त्यांनी जे हाताशी होतं ते वापरलं. विसर्ग तिथे आहे, दंड आहे, स्वल्पविराम आहे. शिवाय 'संगीतः' असं विसर्ग लावून लिहिणं मराठीत नवं नाही. लग्नपत्रिका बघा, 'स्थळः', 'वेळः' असंच असतं.

मी नियम बनवला तो रोमन लिपीतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकावर. चाचणीही घेतली होती, पन्नास ओळींची. त्या पन्नासही ओळी मीच टाइप केलेल्या. सगळ्या अर्थातच पास झाल्या.

गायकांची पानं का शाबूत राहिली तेही आता उघड होतं. त्यांचा रकाना वेगळा, त्यात विरामचिन्हांची गरजच नाही. मोठ्या संगीतकारांची पानंही निम्मी भरलेली होती, कारण त्यांची कामं आमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या कळफलकांवर नोंदवली होती. जवळजवळ रिकामी झाली ती साथीदारांची. त्यांची नावं बहुतेक एकाच माणसाने नोंदवलेली, आणि ती नाहीत हे कळायला त्यांच्या घरचंच कुणीतरी लागलं.

पहिली दुरुस्ती, जी अंगाशी आली

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता आणि तो मी एकट्याने, मंगळवारी रात्री अकरा वाजता घेतला. बाईंना "दोन दिवसांत होईल" असं सांगून बसलो होतो. सगळे विसर्ग बदलून अपूर्णविराम, सगळे दंड बदलून उभी रेघ. फाइंड-रिप्लेस, दोन ओळींचं काम. फक्त श्रेयाच्या रकान्यावर चालवायचं होतं. चालवलं अख्ख्या तक्त्यावर.

सकाळी ताईंचा निरोप आला, "दुःख शोधलं तर एकही गाणं सापडत नाही." मराठी भावगीतांच्या संग्रहात दुःख सापडू नये यावर एरवी हसलो असतो. गाण्यांच्या मुखड्यांतले सगळे 'दुःख', 'अंतःकरण', 'निःशब्द' अपूर्णविराम होऊन बसले होते. अभंगांचं आणखी वाईट. अभंगांच्या ओळी आम्ही दंडासकट नोंदवतो. तिथे आता उभी रेघ आली आणि पानाच्या साच्याने रेघेनंतरचा भाग 'छापील नाव' समजून लपवून टाकला. निम्मा तुकाराम गायब.

उलटं करायचं तर तेही शक्य नव्हतं, कारण मुळात अपूर्णविराम कुठे होता आणि विसर्ग कुठे हे आता कळणार नव्हतं. काही मंडळी 'दु:ख' लिहितानाच अपूर्णविराम वापरतात! राहिला बॅकअप. तो दर रविवारी रात्री निघायचा. म्हणजे सोमवार-मंगळवारी ताईंनी एका खोक्यातल्या ज्या कॅसेट बसून उतरवल्या होत्या, त्या गेल्या. ताईंनी त्या पुन्हा उतरवल्या. मला काही बोलल्या नाहीत, पण त्या आठवड्यात चहाला थांबल्याही नाहीत.

समोर असलेले पर्याय

पुढच्या रविवारी आधी एक नियम केला. इथून पुढे मूळ तक्त्यावर थेट काही चालवायचं नाही. मग चार वाटांवर बोलणं झालं.

हाताने एकेक ओळ सुधारणं हा नानांचा प्रस्ताव. चूक माझ्या ओळींत आहे, मीच निस्तरतो, असं त्यांचं म्हणणं. यात अचूकता होती; पण त्याच कळफलकावर पुन्हा तीच कसरत, आणि उद्या नवा माणूस आला की पुन्हा तोच घोळ.

प्रोग्रॅमनेच विसर्ग, दंड, स्वल्पविराम हीसुद्धा वैध चिन्हं मानायची, ही माझी सूचना. वरकरणी सोपी. ताईंनी लगेच मोडीत काढली. "नावातच स्वल्पविराम असला तर? 'अमुक आणि मंडळी, पुणे' असं छापलेलं असतं, त्याचं काय करशील? पुणे नावाचा वादक?"

तिसरी वाट जुन्या एक्सेलकडे परतण्याची. शोध चालायचा, दुवे नव्हते, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एका सभासदाने ती गंभीरपणे मांडली आणि मला अजून वाटतं की तो विचार अगदीच टाकाऊ नव्हता. साध्या शब्दशोधात आजोबा सापडत होते. आमच्या सुधारणेनंतर सापडेनासे झाले.

चौथी वाट म्हणजे विरामचिन्हांवरचं अवलंबनच संपवायचं. प्रत्येक कलावंताला एक कायमचा क्रमांक आणि श्रेय त्या क्रमांकाला बांधायचं; छापील नाव शेजारच्या स्वतंत्र रकान्यात जसंच्या तसं. जगातले मोठे संग्रह असंच करतात. डिस्कॉग्ज हा २००० साली सुरू झालेला संग्रह एकाच नावाच्या दोन कलावंतांपुढे कंसात आकडा लावतो आणि वेष्टणावरचं नाव वेगळं असेल तर ते निराळं जपतो. म्युझिकब्रेन्झमध्ये प्रत्येक कलावंताला छत्तीस चिन्हांची लांबलचक ओळख असते आणि 'या नावाने श्रेय' ही निराळी नोंद. आम्हाला एवढं लांबलचक काही नको होतं, साधे आकडे पुरले असते.

नानांना ते रुचलं नाही. "नंबर येरवड्यात देतात. सी. रामचंद्रांना काय नंबरने ओळखायचं?"

त्यांच्याच उदाहरणाने गाडी पुढे सरकली. सी. रामचंद्र संगीतकार म्हणून त्या नावाने, आणि गायक म्हणून 'चितळकर'. एकाच तबकडीवर दोन्ही. मी एकच प्रमाण नाव लादलं, तर लेबलवर काय छापलंय ही साक्ष पुसली जाते. छापील नावच दुवा मानला तर एका माणसाची दोन माणसं होतात. पी. सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. असं करत यादी लांबत गेली. शेवटी नानाच म्हणाले, "नंबर आत ठेव, बाहेर दाखवू नकोस. आणि लेबलवर जे आहे त्याला हात लावायचा नाही." चौथी वाट ठरली ती या अटीवर.

काय केलं

नवी नोंद भरायचा फॉर्म बदलला. भूमिका यादीतून निवडायची, नाव टाइप करायला लागलं की खाली जुळणारे कलावंत दिसतात त्यातून निवडायचं, छापील नावाला वेगळी चौकट. एकही विरामचिन्ह लागत नाही. नाव कुणाशीच जुळलं नाही तर प्रोग्रॅम नवं पान आपणहून उघडत नाही. नोंद 'न जुळलेली नावं' या यादीत जाते आणि रविवारी ती यादी आम्ही वाचतो. एवढी एक गोष्ट आधी असती तर बाकीचं सगळं पहिल्याच आठवड्यात पकडलं गेलं असतं.

जुन्या ओळींसाठी नवा प्रोग्रॅम लिहिला, या वेळी जरा घाबरून. विसर्गाला अपूर्णविराम मानायचं, पण त्याच्या अलीकडचा शब्द आमच्या भूमिकांच्या यादीत असेल तरच: संगीत, गीत, ऑर्गन, तबला, व्हायोलिन वगैरे. स्वल्पविरामावर ओळ तोडायची, पण पुढे पुन्हा भूमिकेचा शब्द येत असेल तरच. दंडाची दखल फक्त श्रेयाच्या रकान्यात. जिथे शंका, तिथे हात न लावता ओळ बाजूला.

चाचणीला नानांच्याच ओळी घेतल्या. आणि बदल लागू करण्याआधी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने कागदावर छापले. हे ताईंचं डोकं. ग्रंथालयातल्या माणसाला पडद्यापेक्षा कागदावर चूक लवकर दिसते. नाना लाल पेन्सिल घेऊन बसले. त्या कागदांवर जे सापडलं ते मला एकट्याला जन्मात सापडलं नसतं.

पहिलं, ऑर्गनवाल्या आजोबांचं आडनाव. त्यात 'ऱ्ह' आहे, एवढंच सांगतो. हे जोडाक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिलं जातं. एक, खालचा टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त आणि पुढे 'ह'. दुसरं, साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'ह'. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी आडनावं. युनिकोडची जी ठरलेली एकरूपीकरणाची पद्धत आहे ती मी आधीच लावून बसलो होतो. पण ती हे दोन प्रकार एक करत नाही. म्हणून मी अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकली. कागदावर ताईंनी बोट ठेवलं. 'ऱ्ह'चा 'र्ह' झाला होता, 'ह'च्या डोक्यावर रफार. आजोबांचं आडनावच बदललं! मग नियम पालटला. 'र', हलन्त आणि अदृश्य चिन्ह असं दिसलं तर आधी त्याचा 'ऱ' करायचा, उरलेली चिन्हं नंतर काढायची.

दुसरं, अकॉर्डियन. काहींनी ते 'ॲ'ने लिहिलं होतं. 'ॲ' हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या सवयीने 'अ' वर चंद्र देऊन लिहिणारे होते, आणि मध्ये अदृश्य चिन्ह घालणारेही. चौथ्या गटाने सरळ 'अकॉर्डियन' लिहिलेलं. म्हणजे एकाच वाद्याच्या चार भूमिका. तुलनेसाठी सगळं 'ॲ'वर आणलं, चौथ्या गटाला भूमिकांच्या यादीत पर्यायी नाव दिलं.

तिसरं, आद्याक्षरं. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे', 'पु ल देशपांडे'. टिंब आणि मोकळी जागा तुलनेत धरायचीच नाही असं ठरवलं. 'माडगूळकर' की 'माडगुळकर', 'खेबूडकर' की 'खेबुडकर' हे मात्र प्रोग्रॅमवर सोडलं नाही. यावर एक अख्खा रविवार गेला. पुण्यात ऱ्हस्व-दीर्घावर एवढाच वेळ गेला हे थोडकंच म्हणायचं.

चौथं, 'मा.'. उपाधींची संक्षिप्त रूपं उलगडायला मी एक तयार यादी वापरली होती: पं. म्हणजे पंडित, उ. म्हणजे उस्ताद. यादी कार्यालयीन पत्रव्यवहारातली असावी, कारण तिच्यात मा. म्हणजे माननीय होतं. छापील कागदावर 'माननीय दीनानाथ' वाचून नानांनी पेन्सिल खाली ठेवली. मास्टर दीनानाथांना निवडणुकीला उभं केल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या एका पायरीत उपाध्या काढून टाकताना मास्टर कृष्णरावांचे नुसते 'कृष्णराव' झाले होते. तिथेच ठरवलं की उपाधी उलगडायची नाही आणि काढायचीही नाही. ती छापील नावात राहील. आतला क्रमांक माणसाचा आहे, उपाधीचा नाही.

शेवटचा धोका जुळणीचा. मिळतीजुळती नावं एकत्र करायला एक साधन लावलं होतं. त्याने सुचवलेल्या जोड्यांत 'केशवराव भोळे' आणि 'केशवराव भोसले' ही जोडी होती. एक प्रभातचे संगीतकार, १८९६ ते १९६७. दुसरे ललितकलादर्शचे गायकनट, १९२१ सालीच गेलेले. साधनाच्या दृष्टीने अंतर जेमतेम दोन अक्षरांचं. हे पाहिल्यावर आपोआप जुळणी पूर्ण बंद केली. साधन सुचवतं, होकार माणूस देतो.

निष्पत्ती

श्रावणात सुरू केलेलं काम दिवाळीच्या आधी संपलं. बनावट 'माणसं' यादीतून गेली. बहुतेक ओळी प्रोग्रॅमने सोडवल्या, शंकेच्या ओळी नाना आणि ताईंनी हाताने. आजोबांचं पान भरलं, आणि आधीपेक्षा तीन नोंदी जास्त निघाल्या. जुन्या एक्सेलमध्ये त्यांचं आडनाव दुसऱ्या प्रकारच्या 'ऱ्ह'ने लिहिलेल्या त्या तीन ओळी शब्दशोधातही कधी सापडल्या नव्हत्या. म्हणजे ज्या जुन्या पद्धतीला आपण निर्दोष समजत होतो, तीही तीन तबकड्या गिळूनच बसली होती.

बाईंना कळवलं. त्यांनी घरातली आणखी एक कॅसेट आणून दाखवली, आजोबा तिच्यातही वाजवतायत म्हणून. आतल्या कागदावर साथीदारांची नावंच नव्हती. इथे नानांनी कठोरपणा केला. छापलेलं नाही तर श्रेय नाही. 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' अशी टीप देता येईल, दुवा नाही. बाई थोड्या नाराज झाल्या. मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. पण एका आवृत्तीचं श्रेय दुसरीला डकवण्याचा मोह कुठे नेतो तेही पाहिलंय. गीतरामायणाचंच घ्या. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये छप्पन्न गीतं प्रसारित झाली तेव्हा गायक अनेक होते. पुढच्या ध्वनिमुद्रिकांत सुधीर फडके स्वतः गायले. गीत तेच, संगीत तेच, म्हणून बाकीचीही नावं तीच असा हिशेब केला की चुकलंच.

आज पुन्हा करायचं झालं तर

चाचणीच्या पन्नास ओळी मी टाइप करणार नाही. नानांकडून दहा, ताईंकडून दहा, मोबाइलवर टाइप करणाऱ्या आमच्या सर्वांत धाकट्या सभासदाकडून दहा. त्या मुलीच्या ओळींत नंतर आणखी एक प्रकार सापडला. दुसरीकडून उचलून डकवलेल्या नावांच्या मध्ये साध्या जागेऐवजी 'न तुटणारी' मोकळी जागा. पाहून कळायला मार्गच नाही.

नियम लिहिण्याआधी टाइप करणारा कोणत्या कळफलकावर बसतो ते शेजारी बसून बघेन. मी नानांना छापील पान दिलं. त्यांच्याकडे एक तास बसलो असतो तर पान देण्याची वेळच आली नसती. 'नियम वाचला नाही' हे वाक्य मी नंतर मागे घेतलं, सगळ्यांसमोर. ते आधी बोलायलाच नको होतं.

'दोन दिवसांत होईल' असं बाईंना सांगणं ही तांत्रिक चूक नव्हती, पण मंगळवारची रात्र त्यातूनच आली. आता बॅकअप रोज निघतो आणि महिन्यातून एकदा तो खरंच परत उभा राहतो का हेही ताई तपासतात. माझ्यावर सोडत नाहीत.

जुन्या एक्सेलकडे परतायचा तिसरा पर्याय आम्ही अर्ध्या तासात निकालात काढला, तेही घाईचं झालं. दुरुस्ती चालू असताना ते जुने शोधपान निदान बाजूला चालू ठेवता आलं असतं. श्रावण ते दिवाळी ज्यांना आपल्या घरचं नाव शोधायचं होतं त्यांना ते मिळालं असतं.

'न जुळलेली नावं' या यादीत आज अकरा नावं आहेत. त्यातली चार एकाच ईपीवरची आहेत. लेबल मधोमध फाटलंय, आणि प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलंय.